ढाळावर तू मागे का बसायचीस

शेवटचं आपण दोघांनी काय केलं, तर गंगाराम नाववाल्याची थोरली नाव शिप्रेतून वर ओढली. त्यात विशेष असं काही नव्हतं. पाऊस लागायच्या आत नावा वर काढायच्या आणि तळाला डांबर फासायचं, हे दर साली असतं. तू पदर कमरेला खोचून नेहमीसारखी ट्रकच्या हौद्यात चढायला आलीस, फक्त या वेळी माझा हात मागितलास. मी म्हटलं, आज राहू दे, वाळूच्या गोण्या टाकल्या आहेत. तू म्हणालीस, "वजन लागतं." नाव निघाली. घरी येऊन तू नळावर पाय धुतलेस, ओला रस्सा ओट्यावर पसरलास आणि म्हणालीस की मागच्या डाव्या टायरमध्ये हवा जास्त आहे. मी म्हटलं, उद्या बघतो. एवढंच. मग तू अंथरुणाला लागलीस आणि परत ट्रकवर चढली नाहीस.

उज्जैनच्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर चार ओळी द्यायच्या म्हणून लोक घरी आले होते. त्यांना तुझं माहेर पाहिजे, तुझी व्रतं पाहिजेत, तू किती सोशिक होतीस ते पाहिजे. मी म्हटलं, सोशिक नव्हती, हट्टी होती. ते एकमेकांकडे बघायला लागले आणि चहा पिऊन गेले. बेबी म्हणाली, बाबा, मग तुम्हीच लिहा. आपली मुलगी आहे, तिला माहीत आहे मी चौथीपर्यंत शिकलो ते. पण मला लोकांना काही सांगायचंच नाही. मला तुलाच विचारायचं आहे. लिहिताना तू मध्ये बोलू शकत नाहीस, हा एक फायदा.

मिल बंद झाली तेव्हा मी तिथला ड्रायव्हर होतो. मशिनी भंगारात गेल्या, ट्रक लिलावात निघाला, आणि मीच तो उचलला, कारण त्याची एकेक खोड मला माहीत होती. लोक तेव्हा घरात रंगीत टीव्ही आणत होते, टावर चौकापासून आपल्या गल्लीपर्यंत एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या, आणि मी दारात एक म्हातारा ट्रक आणून उभा केला. तू त्याला ओवाळलंस. एक शब्द टोचून बोलली नाहीस. तेव्हाच मला शक यायला पाहिजे होता.

पहिली नाव ओढली ती भेरूगढकडच्या ढाळावरून. ऐकायला काम सोपं. नावेखाली पाण्यातच लोखंडी गाडा सरकवायचा, गाड्याला रस्सा, रस्सा ट्रकच्या हुकाला, आणि ट्रकने वर खेचायचं. पण पाण्याजवळचा दगड शेवाळलेला. इंजिनाचं वजन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि रिकाम्या ट्रकचं मागचं अंग एकदम हलकं. रेस दिली की चाकं जागच्या जागी फिरायची. रबर जळल्याचा वास सुटला, ट्रक तिथेच. घाटावर बसलेले सगळे एकदम उस्ताद झाले. एक म्हणाला राख टाका, दुसरा म्हणाला नारळ फोडा. कोणीतरी म्हणाला, पीछे वजन डालो. ते खरं होतं, पण वजन आणायचं कुठून? तू माझा डबा घेऊन आली होतीस. डबा हातात तसाच, चाकावर पाय ठेवून तू मागे चढलीस आणि खाली बसलीस. मी परत गिअर टाकला आणि नाव निघाली.

घाटावर किती हसले लोक. काकी के वजन से नाव निकली. तुझं वजन गव्हाच्या भरल्या गोणीएवढंसुद्धा नव्हतं.

त्या दिवसापासून तू मागेच. लोकांना तो तुझा पायगुण वाटला. गंगाराम तर तू चढल्याशिवाय रस्सा बांधायचा नाही. पण मी शकी माणूस. मिलमध्ये डिझेल कोण काढतो ते मी त्याच्या हाताच्या वासावरून ओळखायचो. हे वजनाचं मला कधी पटलं नाही. आधी वाटलं, हिचा माझ्या चालवण्यावर भरवसा नाही. गाडी मागे घसरली तर उडी मारता यावी म्हणून ही उघड्यावर बसते. मग वाटलं, हिला केबिनमध्ये माझ्याजवळ बसायला नको, माझ्या शिव्या नकोत, बिडीचा धूर नको. एकदा मी मुद्दाम आरसा फिरवून बघितलं, तू मागे करतेस काय. काही करत नव्हतीस. केबिनला पाठ लावून, पाय लांब करून, हात मांडीवर ठेवून बसली होतीस, कीर्तनाला बसावं तशी.

घरी आल्यावर विचारलं, "मागे का बसतेस, खरं सांग."

तू पोळी लाटत म्हणालीस, "वजन लागतं."

"तुझ्या वजनाने उंदीर दबत नाही."

"मग विचारता कशाला?"

मी जेवलो आणि झोपलो. पण भांडण संपलं नव्हतं, हे तुलाही माहीत होतं.

मग रस्सा तुटला. नायलॉनचा नवीन आला होता बाजारात, चकचकीत. दुकानदार म्हणाला, हत्ती बांधा. मी त्या दिवशी तापलेला होतो, कशावरून ते आठवत नाही, पण तुझ्यावर नव्हतो. रेस जोरात दिली. चाकं फिरली, एकदम पकडली, गाडीला हिसका बसला आणि रस्सा मधूनच तुटला. फटाका फुटावा तसा आवाज झाला. तुटलेला तुकडा उलटा आला आणि मागच्या फाळक्याची फळी उभी फुटली. मी उतरून धावत मागे आलो. तू पदरावर पडलेल्या लाकडाच्या कपच्या झटकत होतीस. म्हणालीस, "दुसरा बांधा. ऊन चढतंय."

त्यानंतर मी तुला मागे बसू देणार नव्हतो. पुढच्या खेपेला वाळूच्या गोण्या भरून हौद्यात टाकल्या. म्हटलं, घे, तुझ्या दुप्पट वजन झालं, आता चुपचाप केबिनमध्ये ये. तू मागे चढून गोणीवर बसलीस आणि म्हणालीस, बरं झालं, गादी झाली. मी घाटावर सगळ्यांसमोर काय करणार? केबिनमध्ये बसलो आणि क्लच असा सोडला, जसं काठापर्यंत दुधाचं पातेलं उचलतोय. फुटकी फळी बदलतो म्हटलं तर तेही नको. हवा येते, राहू द्या.

तेव्हापासून माझी चाकं कधी जागच्या जागी फिरली नाहीत. लोक म्हणायचे, काका साबचा हात बसला. मलाही तेच वाटत होतं.

मग बाबूलाल आला, त्याच्या लाल ट्रॅक्टरसकट. ट्रॅक्टरला काय, मोठी चाकं, खोल नक्षी, चिखलातसुद्धा धरतात. त्याला वाटलं असणार, आता म्हाताऱ्याचं काम संपलं. पण नाववाले मलाच बोलवायचे. तरी तो घाटावर घिरट्या घालायचा, तुला काकी काकी करायचा, आणि तू त्याला माझ्या डब्यातली शेव द्यायचीस. तुम्ही दोघं बोलत असायचात आणि मी जवळ आलो की गप्प. मी विचारलं तर तू म्हणायचीस, त्याच्या मुलीसाठी स्थळ बघतोय. त्याच्या मुलीचं लग्न झालं, तिला पोर झालं, तरी तुमचं स्थळ बघणं चालूच. पण मी आंधळा नव्हतो.

शेवटच्या साली तू सुकत गेलीस. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. डॉक्टर म्हणाले आराम करू द्या, तू म्हणालीस आरामाने हाडं दुखतात. त्या शेवटच्या खेपेला तू वजन लागतं म्हणालीस तेव्हा मी म्हटलं होतं, "तुझं आता कुठलं वजन राहिलंय?" हसण्यावारी म्हटलं. तू हसली नाहीस, हात पुढे केलास. तुला वर घेतलं तेव्हा मला कळलं किती राहिलंय ते. मग गाडी कशी चालवली ते विचारू नकोस. नाव वर आली तेव्हा तिच्या तळाला साचलेलं पाणीसुद्धा हललं नव्हतं.

तुझे दिवस झाले. बेबी इंदूरला परत जाताना म्हणाली, बाबा, आता ट्रक विकून टाका आणि आमच्याकडे चला, तुमच्यासाठी खोली आहे. जावई शेजारी उभा राहून चपलेचा पट्टा बघत होता. गिऱ्हाईक त्याने आधीच बघून ठेवलेलं, मला वास येतो अशा गोष्टींचा. मी म्हटलं, गंगारामची धाकटी नाव राहिली आहे, ती वर काढतो, मग बघू. बेबी म्हणाली, आणि नाही निघाली तर? मी म्हटलं, तर येतो. तोंडातून निघून गेलं. आता ती नाव निघाली तर उज्जैन, हा ट्रक, हा तुझा ओटा. नाही निघाली तर इंदूर, जावयाची खोली आणि त्याचा टीव्ही.

परवा गेलो. वाळूच्या गोण्या इतक्या टाकल्या की मागचे स्प्रिंगचे पाटे वाकले. टायरची हवा कमी केली, तू म्हणाली होतीस त्या डाव्याचीसुद्धा. भेरूगढच्या छिप्यांकडून, कापड छापणाऱ्यांकडून, त्यांच्या छापायच्या टेबलावर असतं ते जुनं तरट मागून आणलं आणि चाकांखाली अंथरलं. धाकटी नाव म्हणजे थोरलीच्या अर्धी. गंगारामने सवयीने हौद्याकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि रस्सा बांधला.

अर्ध्या ढाळापर्यंत आलो आणि चाकं जागच्या जागी फिरली. तरट मागे फेकलं गेलं. मी रेस वाढवली, ती आणखी फिरली, धूर निघाला, ट्रक तिथेच. गंगारामने धावत गाड्याच्या चाकांना दगड लावले, नाव घाटाच्या लोखंडी कड्याला बांधली. माझ्याकडे बघितलं नाही. ते मला जास्त लागलं.

मी उतरलो आणि एकेकाची झडती घेतली. पहिला शक फ्रीगंजच्या टायरवाल्यावर, नव्याच्या नावाखाली जुन्यावर रबर चढवून दिलं असेल. नख लावून बघितलं. टायर चांगले होते. मग छिप्यांवर, डिंकाचं कापड धुतलं असेल वरच्या अंगाला आणि दगड निसरडा झाला असेल. त्या दिवशी कोणी धुतच नव्हतं. मग गंगारामवर, नाव पाण्याने भरलेली ठेवली असेल. डोकावलो, कोरडी. मग तुझ्यावर. म्हटलं, ही मागे बसून काहीतरी करायची. काही नवस, काही पुटपुटणं, मला न सांगता. हे तेवढं तपासता येत नव्हतं.

आणि बाबूलाल होता. ट्रॅक्टर घेऊन घाटावर तयार उभा. मी दगडावर बोट घासून वास घेतला आणि सरळ त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "तेल तूने डाला?"

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "तेल नहीं है, काका साब. आपका पैर भारी है. काकी पीछे रहती थी तो आप ऐसे चलाते थे जैसे अंडे भरे हों."

"ये तेरे को किसने बोला?"

"उन्होंने ही."

म्हणजे माझा शक खरा होता. तुम्ही दोघं माझ्याबद्दलच बोलायचात. स्थळ, मुलगी, सगळं झूठ. तू त्याला सांगितलंस. घाटावरच्या माणसाला, माझ्या डब्यातली शेव खाणाऱ्याला सांगितलंस, आणि मला नाही. त्याला तर असंही म्हणाली होतीस म्हणे, की मी नसेन तेव्हा यांच्यावर लक्ष ठेव. लक्ष! मी काय सुटलेला बैल आहे?

मी परत केबिनमध्ये चढलो. म्हटलं, पायच हलका ठेवायचा ना, ठेवतो. नाही जमलं. पाय ठेवायचा तसाच ठेवला, पण अंगात कुठे काही आवळलं नाही. मागे वाळू आहे हे पायाला माहीत होतं. वाळूसाठी पाय हलका होत नाही. चाकं पुन्हा फिरली आणि मी किल्ली काढून घरी आलो.

घरी येऊन तुझ्याशी भांडलो. बेबीच्या फोटोशेजारी तुझा फोटो ठेवला आहे, त्यात तू कधी नव्हतीस तशी गरीब दिसतेस. मी म्हटलं, रेस कमी द्या, हे तीन शब्द तुला बोलता आले नाहीत? मी ऐकलं नसतं, ते मला माहीत आहे. दोन वेळ जेवलो नसतो आणि मग मुद्दाम जास्त रेस दिली असती. तरी सांगायचं होतंस. इतकी वर्षं मला वाटत होतं, गाडी मी चालवतो.

पण मग दुसरा विचार आला, आणि तो अजून गेलेला नाही. बाबूलाल खोटं बोलत असेल तर? मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. तू उठून नाही म्हणणार नाहीस. आणि खरं बोलत असेल तर त्याहून वाईट. कारण रस्सा तुटल्यावरही तू मागे बसलीस. तो परत तुटला असता तर माझा पाय हलका होण्यासाठी तू काय पणाला लावून बसली होतीस? हे बघायचा एकच रस्ता होता.

काल सकाळी उजाडताच बाबूलालच्या दारात जाऊन त्याला उठवलं आणि ट्रकची किल्ली त्याच्या हातात ठेवली. त्याला वाटलं मी गाडी विकतोय. म्हटलं, चलानी है तेरे को. मी सगळा विचार केला होता: तेल याने टाकलं असेल तर आता आपल्याच तेलावर घसरेल. घाटावर जाऊन मी हौद्यातल्या सगळ्या गोण्या उतरवायला लावल्या. गंगारामला वाटलं, दुःखाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तो म्हणाला, वजन तरी राहू द्या. मी म्हटलं, आहे वजन. चाकावर पाय ठेवला. गुडघा वर होईना, त्याचा हात घ्यावा लागला. मग केबिनला पाठ लावली, पाय लांब केले आणि बसलो.

तिथून रस्सा दिसत नाही. तो खाली हुकाला असतो. कधी ताणला, कधी तुटायला आला, तिथे बसणाऱ्याला काही कळत नाही. समोर फक्त फाळका, आणि ती फुटलेली फळी. मी ती इतके दिवस बाहेरून बघत होतो. आतून, खाली बसल्यावर, ती बरोबर छातीसमोर येते. फटीतून नावेचा एक तुकडा दिसतो, त्याच्यामागे पाणी. बाकी ऐकायला येतं ते इंजिन. पुढच्या माणसाने किती रेस दिली, तेवढंच.

बाबूलाल केबिनमधून उतरून मागे आला. म्हणाला, "काका साब, उतर जाओ. रस्सा टूटा तो?"

मी म्हटलं, "वजन लगता है."

तो केबिनमध्ये जाऊन बसला, दार हळूच ओढून घेतलं. इंजिन बराच वेळ नुसतं चालू होतं. मी हात मांडीवर ठेवले. हिसका येईल म्हणून वाट बघत होतो, तो आलाच नाही. गाडी कधी उठली ते मला कळलं नाही. फटीत नाव होती तिथेच होती, तिच्यामागचं पाणी तेवढं लांब जायला लागलं.